अवेळी मध्यंतर

घंटा वाजली आणि जे नाट्यगृह रिकामं व्हायला हवं होतं, ते भरायला लागलं.

मी रंगमंचाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी होते. व्हरांड्यात गप्पा मारत असलेली, कँटीनपाशी घोटाळणारी माणसं घंटा ऐकताच तिन्ही दारांतून लगबगीनं आत आली. जी आधीच आत होती ती सावरून बसली. कुणी मोबाइल बंद केले. एका आजोबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मागच्या पोरांना "शूऽ" केलं, आणि मग सगळे पडद्याकडे डोळे लावून शांत बसले.

माझ्या शेजारी अग्निशमन अधिकारी बिराजदार उभे होते. ते मूळचे सोलापूरकडचे. त्यांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हे लोक जळाले की ओ."

शिवणीच्या कलामंदिरातली ही आमची पहिली रंगीत तालीम. आग लागली तर प्रेक्षक बाहेर कसे काढायचे याची तालीम. माझा धंदाच तो. जत्रा, कारखाने, शाळा, लग्नाचे हॉल, जिथे माणसं जमतात तिथे काय काय वाईट घडू शकतं याचा विचार करायचा आणि त्यावर आराखडा लिहून द्यायचा. माझी आई म्हणायची, "शर्वरी, अभद्र बोलण्याचा पगार मिळणारी तू जगातली पहिलीच." नाटकातलं मला फारसं कळत नाही. कुठल्याही सभागृहात शिरले की मी आधी बाहेर पडायचं दार शोधते, आणि ते सापडलं की माझं अर्धं नाटक बघून होतं.

कलामंदिर चार वर्षं बंद होतं. तिथे एकदा खेळ चालू असताना आग लागली होती. आग किरकोळच होती, पण पळापळीत मधल्या दारात चेंगराचेंगरी झाली आणि दारावर तिकिटं फाडणाऱ्या कोंडाबाई त्यात गेल्या. तेव्हापासून कुलूप. आता नगरपरिषदेनं ठरवलं होतं की सभागृह चार मिनिटांत, चेंगराचेंगरी न होता रिकामं करून दाखवा, तरच परवाना. नाही तर इमारत पाडून तिथे दुकानांचे गाळे उठणार होते. नकाशा तयारच होता.

आणि तसं झालं असतं तर व्यवस्थापक तुंगारे कुठे गेले असते, हे मला खरंच सांगता येणार नाही. पडदा ओढणारा म्हणून ते तिथे लागले आणि व्यवस्थापक झाले. चार वर्षं पगार पाणीपुरवठा खात्यातून घेत होते, पण रोज सकाळी कुलूप काढून खुर्च्या झाडून जात होते. ते 'बंद केलं' असं कधी म्हणायचे नाहीत. दुकान वाढवतात तसं त्यांनी कलामंदिर 'वाढवलं' होतं. आणि 'आग' हा शब्द तर त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नाही. "ते झालं तेव्हा", "तसलं काही झालं तर", असंच चालायचं. मला याची फार गंमत वाटायची. ज्याला आगीचा आराखडा मंजूर करून घ्यायचा आहे, त्यालाच तिचं नाव नको.

घंटेची कल्पना बिराजदारांची होती. भोंगा अजून आला नव्हता, घंटा आयतीच होती. मी हो म्हटलं, तुंगाऱ्यांनीही मान डोलावली. तिसरी घंटा झाली की मराठी माणूस जिथे असेल तिथून आत येतो, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

"तुंगारेसाहेब, तुमचा जन्म इथे गेला. आधी बोलायचं नाही का?" मी विचारलं.

"काय बोलणार मॅडम," ते खजील होऊन म्हणाले, "घंटा झाली तेव्हा मी स्वतः आत यायला निघालो होतो."

पुढच्या आठवड्यात भोंगा आला. बिराजदारांनी ज्येष्ठ नागरिक संघ आणि कॉलेजची मुलं पुन्हा गोळा केली. या वेळी गावातल्या हौशी मंडळींना एक प्रवेश करायला उभं केलं, म्हणजे प्रेक्षक रंगले असताना काय होतं ते बघता येईल. इशारा होईल तेव्हा बाहेर पडा, एवढंच सांगितलं होतं. प्रवेश रंगात आला आणि भोंगा वाजला. चांगला कानठळ्या बसवणारा. स्टेजवरची माणसं थांबली. प्रेक्षकांतलं कुणी हललं नाही.

"आता पोलिसांची एंट्री," माझ्या मागचे एक काका बायकोला समजावून सांगत होते.

बराच वेळ गेल्यावर एक मुलगा उठला, त्याच्यामागे आणखी दहा, आणि मग सगळे एकदम. मधल्या दाराशी ढकलाढकली सुरू झाली तशी मीच ओरडून तालीम थांबवली. दारात एक लाकडी स्टूल होतं. एक आजी त्याला अडखळून पडता पडता वाचल्या.

मी स्टूल उचललं. "हे इथे कुणी ठेवलं? बाहेर पडायच्या वाटेत कुठलीही वस्तू नको म्हणून किती वेळा सांगितलंय!"

तुंगारे पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून ते जवळजवळ हिसकावून घेतलं. "ते कोंडाबाईंचं आहे."

"असेल. पण दारात नको."

"चाळीस वर्षं दारातच होतं."

"म्हणूनच," असं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं, हे बरं केलं. संध्याकाळी पाहिलं तर स्टूल आवाराच्या पार पलीकडच्या टोकाला, शिंगट्यांच्या कँटीनपाशी ठेवलेलं होतं. दोन दिवस तुंगारे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

राहिली एकच वाट. माईकवरून स्पष्ट घोषणा. आग लागली आहे, बाहेर पडा. सगळ्या जगात हेच करतात. मी तसं म्हणाले आणि तुंगाऱ्यांचा चेहरा उतरला.

"घोषणा नको."

"का?"

"नको म्हणजे नको. दुसरं काहीही करा."

"अहो, पण कारण?" बिराजदार वैतागले. "तुमचं थिएटर वाचवायला आम्ही मरायलोय, आणि तुम्हीच आडवं चालताय!"

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर माझं कुतूहल चाळवलं. एवढा साधा, हो ला हो करणारा माणूस एका गोष्टीवर इतका अडून का बसतो? शिवाय भोंगा वाजल्यावर माणसं बसून का राहतात, हेही मला समजून घ्यायचं होतं. मी तुंगाऱ्यांना म्हटलं, "शेजारच्या गावात रविवारी नाटक आहे ना? मला घेऊन चला."

ते एकदम खुलले. "तुम्ही नाटक बघणार?"

"नाटक नाही. प्रेक्षक."

त्या दुपारी मी पहिल्या रांगेच्या कडेला स्टेजकडे पाठ करून बसले. लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. तुंगारे शेजारी बसून लाजेनं चूर झाले होते. मी बघत होते, माणसं हसताना एकत्र हसतात, खोकला आला तर विनोद होईपर्यंत दाबून धरतात, शेजारचा हलत नाही तोवर स्वतःही हलत नाहीत. मग पडदा पडला, दिवे लागले, कुणीतरी "मध्यंतर" म्हणालं आणि माझ्या डोळ्यांसमोर आख्खं सभागृह उठलं. कुणी कुणाला ढकललं नाही. "या ना, आधी तुम्ही," असं चाललं होतं. म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या, सगळी आपापल्या जवळच्या दारातून तळणीच्या वासाच्या दिशेनं निघून गेली. मी घड्याळ लावायचंच विसरले.

मी तुंगाऱ्यांकडे वळले. तेही रिकाम्या खुर्च्यांकडेच बघत होते.

"मॅडम, हे तर रोजच होतं की," ते म्हणाले.

"हो. घंटेला आत येतात, तसे मध्यंतराला बाहेर जातात."

"मग आपण पडदा पाडायचा."

"आणि मध्यंतर म्हणायचं."

नाटक पुढे काय झालं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. आम्ही बाहेर पायरीवर बसून वडा खात आराखडा करत होतो. मला इतका आनंद झाला होता, की तिखट लागलेलंही कळलं नाही.

बिराजदारांना हे पटवणं सोपं नव्हतं. "सरकारी आराखड्यात मध्यंतर लिहू? वरचे लोक मला वेड्यात काढतील. आणि मॅडम, लोकांशी खोटं बोलायचं?"

हा मुद्दा मलाही टोचत होता. माणसाला खरं कळलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, असं मी दर व्याख्यानात सांगत आले होते.

"बाहेर गेल्यावर खरं सांगायचं," मी म्हणाले. "आवारात सगळे आले, की लगेच. तिथे अडकायला दार नाही."

"कोण सांगणार?"

आम्ही दोघांनीही तुंगाऱ्यांकडे बघितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शिंगट्यांना वड्यांचं विचारायच्या निमित्तानं उठून गेले. ती जबाबदारी कुणाची, हे कोरंच राहिलं.

बाकी सगळं जमत गेलं. मध्यंतरालाही खुर्ची न सोडणारी माणसं असतात, गुडघ्यांमुळे किंवा घरून डबा आणल्यामुळे. त्यांना हाताला धरून "चला, आज चहा बाहेरच आहे" म्हणायला प्रत्येक दारावर माणूस नेमला. मध्यंतर खोटं असेल तेव्हा घंटेचं बटण काढून टाकायचं, नाही तर सवयीनं कुणीतरी ती वाजवील आणि सगळे परत आत. शिंगटे कँटीनवाल्यांना मी बैठकीला बोलावलं तेव्हा ते घाबरलेच. "माझी काय चूक झाली?" म्हणाले. चूक नाही, तुम्ही लोकांना बाहेर धरून ठेवायचं, म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तेल तापलेलं नसलं तर?"

तालमीत सभागृह चार मिनिटांच्या आत रिकामं झालं. बिराजदारांनी सही केली. वर 'मध्यंतर' न लिहिता 'पूर्वनियोजित संकेत' असं लिहून दिलं.

अडलं फक्त ज्योत्स्नाबाई वर्द्यांपाशी. पुन्हा पडदा वर जायचा तो त्यांच्याच नाटकानं, असा तुंगाऱ्यांचा हट्ट होता. सत्तरीच्या बाई, रंगमंचावर उभं आयुष्य गेलेलं. प्रेक्षकांत मोबाइल वाजला तर नाटक थांबवून त्या माणसाला उभं करायच्या. आम्ही त्यांना संकेत समजावून सांगितला. विंगेतून लाल बॅटरी दिसली, की पडदा पडणार.

"म्हणजे मी वाक्य बोलत असताना?"

"वेळ आली तर," मी म्हणाले.

"बाळ, आजपर्यंत माझ्या वाक्याच्या मधे कुणी पडदा पाडलेला नाही. पाडलात, तर मी या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही."

तुंगारे हात जोडून उभे राहिले. बाई आपली संहिता उचलून निघून गेल्या.

रविवारी दुपारचा खेळ हाउसफुल्ल होता. सगळं गाव नटूनथटून आलं होतं. तुंगाऱ्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नारळ वाढवताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी सवयीनं मधल्या दाराशी उभी राहिले. पहिला अंक अर्ध्यावर आला असेल. ज्योत्स्नाबाई स्टेजवर मुलाला खडसावत होत्या. वाड्याच्या हिश्शावरून भांडण चाललं होतं, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि मला वरच्या दिव्यांच्या दांडीपाशी एक बारीक करडी रेघ दिसली. धूर आहे की उजेडातली धूळ, हे ठरवेपर्यंत विंगेत लाल बॅटरी लागली.

ज्योत्स्नाबाईंनी ती बघितली. त्यांचं वाक्य अर्ध्यावर होतं. त्या क्षणभर थांबल्या, आणि समोरच्या नटाला म्हणाल्या, "तुझ्याशी भांडायलासुद्धा अंगात त्राण हवं. आधी चहा घेते, मग बघते तुझ्याकडे."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पडदा पडला, दिवे लागले. "मध्यंतर!"

"एवढ्यात?" कुणीतरी कुरकुरलं. पण उठले. सगळे उठले. मी दारातून बाजूला झाले आणि माझ्या शेजारून माणसं गेली, "अहो सावकाश", "आई, हात धर", "बघ, वर्द्यांनी काय घेतला प्रवेश!" आत पडद्यामागे आग विझवायची नळकांडी फुसफुसल्याचा आवाज येत होता. माझ्याशिवाय कुणालाही तो ऐकू आला नाही. शेवटच्या आजी डबा घेऊन बसल्या होत्या. दारावरच्या माणसानं त्यांना डब्यासकट बाहेर आणलं.

मी बाहेर आले तर निराळाच गोंधळ. शिंगट्यांचं तेल तापलेलं नव्हतं. "वडे तयार नसताना मध्यंतर करतात होय?" एक गृहस्थ ताडताड बोलत होते. शिंगटे घामाघूम होऊन शेगडी फुंकल्यासारखं करत होते, खरं तर गॅसच होता. तेवढ्यात ज्योत्स्नाबाई नाटकातल्या लुगड्यातच मागच्या दारानं आवारात आल्या. मध्यंतरात नट बाहेर आलेले या गावानं कधी पाहिले नव्हते. सगळी गर्दी त्यांच्याभोवती, कँटीनच्या बाजूला ओढली गेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला पहिला घाणा हवा. मी थांबते."

तुंगारे माझ्याजवळ आले. अग्निशमनला फोन झाला होता, गाडी निघाली होती. त्यांच्या मुठीत घंटेचं बटण होतं, तारेसकट उपटलेलं.

"आता सांगा त्यांना," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"मी परकी आहे. माझं कोण ऐकणार? तुंगारेसाहेब, ते बघा."

छपराच्या कडेनं आता धूर दिसायला लागला होता. अजून कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. पण काही माणसं घंटेची वाट न बघताच जागा धरायला व्हरांड्याकडे निघाली होती.

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "त्या दिवशी मीच सांगितलं होतं मॅडम. माईकवरून. 'आग लागलीय, पळा.' पडद्याचा कोपरा पेटला होता फक्त. एका बादलीत विझला. पण मी ते बोललो, आणि कोंडाबाई दारात होत्या."

मग मला सगळं कळलं, घोषणा का नको, तो शब्द का नको, स्टूल का हिसकावलं. या माणसाला मी चार आठवडे कोड्यासारखं बघत होते.

"तेव्हा ते आत होते," मी म्हणाले. "आता कुणी आत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते कँटीनपाशी गेले, कोंडाबाईंचं स्टूल ओढून मोकळ्यात आणलं आणि त्यावर चढले. माईक आतच राहिला होता. इतकी वर्षं पडद्यामागे वावरलेल्या माणसाचा आवाज एवढा मोठा असेल, असं वाटलं नव्हतं.

"रसिकहो!"

माणसं वळली. व्हरांड्याच्या पायरीवर चढलेलेही थांबले.

"आत आग लागलीय." ते क्षणभर थांबले. "आग लागलीय, आणि तुम्ही सगळे बाहेर आहात. सगळे. आत कुणीही राहिलेलं नाही. कुणी पळायचं नाही, पळायचं कारणच नाही. फक्त आत जायचं नाही."

लोकांनी एकदम वर धुराकडे पाहिलं, मग आपल्या आजूबाजूला, आपापली माणसं शोधत. पायरीवरचे खाली उतरले. कुणी पळालं नाही. मघाशी वड्यांवरून भांडणारे गृहस्थ हातातली रिकामी बशी घेऊन तसेच उभे होते. डबेवाल्या आजींनी मला विचारलं, "म्हणजे हे मध्यंतर नव्हतं?"

"नव्हतं, आजी."

"मग वर्दे बाई उरलेलं कधी करणार?"

"आग विझू दे, मग करते," ज्योत्स्नाबाई गर्दीतून म्हणाल्या. "या गावात पुन्हा यायलाच लागणार मला."

बिराजदार गाडी घेऊन आले तेव्हा लोकांनीच फाटकापासून वाट करून दिली. दिव्यांची एक दांडी आणि वरची झालर, एवढंच गेलं. पंधरवड्यानं कलामंदिर पुन्हा उघडलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, आणि तो गाळ्यांचा नकाशा कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

त्या संध्याकाळी आवार रिकामं झाल्यावर तुंगारे स्टुलावरचे आपल्या चपलांचे ठसे रुमालानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "मॅडम, हे परत दारात ठेवलं तर चालेल?"

"दारात नको," मी म्हणाले. "दाराबाहेर ठेवा. भिंतीला लागून."